विजयाच्या बाटल्या

मासळीबाजारात जाऊन नुसती डोकी मागणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. विजया. सावेडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायची. रविवारी सकाळी माझ्या स्कूटरवर मागे बसली की आधी घड्याळ बघायची. "ताई, दीड तास हाय आपल्याकडं." दीड तास म्हणजे दीड तास. घरी सासूबाई, म्हणजे माई, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. नवरा बँकेत, स्वभावानं गरीब, पण आईला हात लावायचा म्हटलं की पेपर उघडून बसणारा.

मासळीवाली रखमाबाई दर वेळी विचारायची, "डोकीच का वो बाई? बाकीच्याचं आमी काय करायचं?" विजया नुसती हसायची आणि मुंबईहून बर्फात आलेल्या मासळीत हात घालून घोळीचं डोकं शोधायची.

माई माळकरी, त्यामुळे ती डोकी यायची माझ्या स्वयंपाकघरात. आमच्याकडे सगळं चालतं, पण पहिल्या दिवशी मीसुद्धा ओरडले होते, "अगं बाई, हा काय कसाईखाना मांडलास!" तिनं कवटी उघडली, चिमट्यानं आतून दोन पांढरे खडे काढले, धुतले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

"माशाला बी कान असतो, ताई. बाहेरून दिसत न्हाई. हे त्याच्यातले खडे. ह्यांच्यावर तो ऐकतो, तोल सांभाळतो."

विजया कोल्हारची, प्रवरेकाठची. कोकणात राहून तिनं समुद्रातल्या माशांचा अभ्यास केला होता. एरवी ती आपल्यासारखंच बोलायची. माशांचा विषय निघाला की कोल्हार बाहेर पडायचं. घोळीचा खडा शेंगदाण्याएवढा, ठसठशीत. आणि हातभर सुरमईचा? तांदळाची कणी! "हाडांच्या माशांच्या हजारो जाती हायेत समुद्रात, आन् जातीजातीचा खडा वेगळा. मोरी, म्हंजी शार्क, एवढी दांडगी, पण तिला हाड न्हाई, असा खडा बी न्हाई." खडा घासून भिंगाखाली धरला की आत रेघा दिसायच्या. "एका सालाची एक रेघ. ही बघा बारीक. त्या साली ह्याचे लई हाल झालेत."

खडे ठेवायला तिच्याकडे माईंच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या होत्या. एका जातीला एक बाटली. माझ्या फडताळाचे दोन खण भरले. एकदा मी म्हटलं, "केवढे मासे जमवलेस गं!" ती म्हणाली, "केवढ्या गोळ्या झाल्या ते बघा की."

मग तिच्या जुन्या सरांचा फोन आला. खोल समुद्रात संशोधनाचं जहाज जाणार होतं, पंचवीस दिवस. मोठ्या माशानं गिळलेला छोटा मासा विरघळून जातो, पण कानातला खडा पोटात शिल्लक राहतो. तो बघून जात ओळखणारं माणूस त्यांना हवं होतं. विजया माझ्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि रडायलाच लागली. मी छाती ठोकून सांगितलं, "जा तू. पंचवीस दिवस माईंचं मी बघते." खरंच सांगितलं. तिचा नवराही हो म्हणाला.

निघायच्या आधी तीन दिवस मी वर जाऊन शिकले. कूस बदलायची, पुसायचं, भांडं द्यायचं, भरवायचं. माई भल्या होत्या, पण जड होत्या, आणि घास थुंकायच्या. तिसऱ्या दुपारी त्यांच्या खिडकीतून रस्त्यावरची माझी स्कूटर दिसली. पंचवीस दिवस! मी खाली आले, आडवी झाले आणि निरोप पाठवला, कंबर धरली.

धरली होती. पण तेवढी नव्हती.

विजया मलम घेऊन धावत आली. बॅग तिची भरून दारात होती. "कुठं दुखतंय, ताई?" मी जागा दाखवली. तिनं तिथंच अंगठा दाबला, चांगला जोरात. आणि मी मेली ओरडायचंच विसरले. तिचा हात क्षणभर थांबला. मग ती पुन्हा चोळायला लागली, अर्धा तास. उठताना म्हणाली, "असू द्या. जहाज काय, परत जाईल."

गेलं असेल. तिला कुणी बोलावलं नाही. पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी स्कूटरवर बसली आणि घड्याळ बघून म्हणाली, "दीड तास." त्या दिवशी तरी तिनं मला चार शिव्या घालायला हव्या होत्या.

दोन वर्षांनी तिच्या नवऱ्याची बदली झाली, वर्ध्याला. समुद्र आणखी लांब. माईंना रुग्णवाहिकेत घालून नेलं, पायाशी विजया आणि तिच्या मांडीवर बाटल्यांचं खोकं. दार लागलं तेव्हा ती घड्याळ बघत होती.

आता रविवारी मी एकटीच बाजारात जाते. रखमाबाई न विचारता डोकी काढून ठेवते. कवटी उघडायला मला तासभर लागतो, कधी खडा फुटतो, मग माझी मीच मला शिव्या घालते. धड निघालेले कापसात गुंडाळून वर्ध्याला पाठवते. पोचले की तिचा फोन येतो. माई आहेत अजून. कुठला खडा कुणाचा, ते ती भरभरून सांगते, आणि फोन ठेवताना दर वेळी, अगदी मनापासून विचारते, "ताई, कंबर कशी हाय आता?"

मी म्हणते, "दुखते गं."