क्लास ए, क्लास एबी आणि मनीषाचा आवाज

मंडळी, आज दुपारी निमगाव सावाला यात्रेच्या कार्यक्रमासाठी आमच्या बँडची तालीम झाली. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

गिटारचा आवाज मोठा करायला माझा जुना ट्यूबचा ॲम्प आहे, क्लास ए प्रकारचा. त्यातल्या ट्यूब गिटार गप्प असली तरी पूर्ण ताकदीने चालू असतात, तापतात. तार जोरात छेडली तरी आवाज फार वाढत नाही, नुसता दाट आणि गोड होतो. आज ड्रमर संतोषने क्लास एबी ॲम्प आणला. त्यात ट्यूब काम वाटून घेतात, म्हणून आवाज मोठा आणि खणखणीत.

"यात्रंला मैदानावर हाच लागतो, राव," संतोष म्हणाला. खरंच होतं.

पण गाणारी माझी बायको, मनीषा. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज बारीक झालाय. नव्या ॲम्पवर माझा प्रत्येक स्ट्रोक तिच्या आवाजावर चढत होता. दुसऱ्या कडव्यात ती थांबली.

"वहिनी, माईक वाढवतो की," संतोष म्हणाला. वाढवला, तर स्पीकर शिट्ट्या मारायला लागले.

मग मी जुना ॲम्प लावला. तिने गाणं पूर्ण केलं, पण ॲम्पपुढे माईक ठेवूनही ड्रममध्ये माझीच गिटार मला ऐकू येईना.

येताना गाडीवर ती मागून म्हणाली, "तुमी मोठाच ॲम्प घ्या. मी कोरसला उभी राहीन. मला लई वाईट न्हाई वाटणार."

आता घरी बाहेरच्या खोलीत बसून हे लिहितोय. रोज भाकरी थापताना ती गुणगुणते. आत्ता आतून नुसत्या थापण्याचा आवाज येतोय.

तुम्ही तिला काय म्हणाला असता?