कुत्र्याला न दुखवता फुटणारी गोळी

काटेवाडीच्या पुढे एका शेतात शनिवार-रविवारी लढाई होते. पुण्याहून कंपन्यांची माणसं बस करून येतात, जाड जाकिटं आणि मुखवटे चढवतात, ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांआड लपून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडतात, मग पिठलं-भाकरी खाऊन परत जातात. या लढाईच्या सगळ्या बंदुका बिरदेव मारकड यांच्या ताब्यात असतात. त्यांना बंदूक म्हटलेलं मात्र खपत नाही.

"मार्कर म्हणायचं," पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं. "बंदुकीनं जीव जातो. ह्यानं नुसती खूण व्हती."

मला नेमकी खूणच करायची होती.

मी वल्लरी, जनावरांची डॉक्टर. इंदापूरकडच्या गवताळ माळांवर अजून लांडगे आहेत. त्या उन्हाळ्यात माळावरून एक पिसाळलेलं कुत्रं फिरून गेलं आणि पाठोपाठ एक लांडगा मेलेला सापडला. आसपासच्या कुत्र्यांना लस देणं एवढाच उपाय होता. वस्तीवरची कुत्री धरता येतात. माळावरची हात लावू देत नाहीत. म्हणून वनखात्याच्या परवानगीनं आम्ही खाण्यात दडवलेली लस ठेवत होतो. कुत्रं येई, खाई, निघून जाई. दुसऱ्या दिवशी कोणाचं झालं आणि कोणाचं राहिलं, काही कळत नसे, कारण सगळी एकाच मातकट रंगाची. लांबूनच अंगावर रंगाचा ठिपका उमटवता आला तर? या एका विचारावर मी काटेवाडी गाठली.

मी पोहोचले तेव्हा केयूर नावाचा एक खेळाडू वैतागून त्यांच्यासमोर उभा होता. "काका, दुसरी द्या. मी सरळ मारतो आणि गोळी उजवीकडे जाते."

बिरदेवरावांनी मार्करची नळी सोडवली आणि उजेडाकडे धरून आत पाहिलं. "एक आतच फुटलीय. वल्ल्या नळीतनं गोळी सरळ जात न्हाय. रंग तिला एका अंगाला धरतो, मग ती फिरकी घेती." कापड गुंडाळलेली काडी त्यांनी नळीतून आरपार ओढली. आता हा मार्कर परत देतील असं मला वाटलं, पण ते तसेच थांबले.

"पर फुटली कशापायी?" हा प्रश्न केयूरला नव्हता. त्यांनी गोळ्यांचा वरचा डबा काढला आणि एक गोळी खाली उतरताना पाहिली. "तुमी लय भराभर दाबताय. गोळी बसायच्या आत दट्ट्या येतो अन् तिला मधनं कापतो."

"म्हणजे चूक माझीच," केयूर हसून म्हणाला.

"निम्मी तुमची. गोळी अडवून धरणारं रबरबी झिजलंय." त्यांनी रबर बदललं. केयूरनं लांबच्या टायरवर नेम धरला, दमानं घोडा ओढला, आणि जिथं पाहिलं तिथंच पिवळा रंग उडाला. तो आनंदानं ओरडला. खरं सांगायचं तर मीही.

माझं काम ऐकताना ते काढलेलं झिजकं रबर बोटांत फिरवत होते. मग म्हणाले, "कुत्र्याला लागंल."

"हळू मारता येणार नाही?"

"हळू मारली तर फुटणार न्हाय. टरफल फुटायला जोर लागतो."

"मग होणार नाही म्हणता?"

"तसं कुठं म्हनलो मी?"

त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आजोबा कळप घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरत. वडलांनी कळप विकून कऱ्हाटीकडे थोडी शेती धरली. बिरदेवराव पंप दुरुस्तीच्या दुकानात वाढले, तिथेच हवा, दाब, गळती यांच्याशी त्यांची ओळख झाली, आणि हे खेळाचं मैदान निघालं तेव्हा मालकानं त्यांना बोलावून घेतलं. त्यांच्या पत्नी सारजाबाई इथलंच स्वयंपाकघर सांभाळतात.

त्यांनी मार्करमागचा स्क्रू फिरवून जोर कमी केला, वेग मोजायच्या यंत्रासमोर पुन्हा पुन्हा गोळ्या झाडून पाहिल्या आणि मार्कर माझ्या हातात दिला. "आधी मला मारा."

"अहो, काय बोलताय?"

"मला सोसलं तर कुत्र्याला सोसंल." मुखवटा चढवून ते बांधापाशी जाऊन उभे राहिले.

सारजाबाई पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. "ताई, तुमाला जमत न्हाय तर माझ्याकडं द्या. मी कधीची वाट बघतीया."

मी मांडीवर नेम धरला. गोळी लागली, टप्पा खाऊन गवतात पडली, अख्खी. बिरदेवराव मांडी चोळत आले. "चेंडू लागल्यावानी वाटलं. जोर बरूबर हाय. आता टरफल नाजूक पायजे. नळीत टिकंल, अन् अंगावर फुटंल, असं."

हे बोलणं सोपं होतं. रंगाच्या गोळीचं टरफल औषधाच्या कॅप्सूलसारखं असतं. दमट हवेत ते फुगतं, उन्हात मऊ पडतं. एकाच अंगावर पडून राहिली तर गोळी चपटी होते, आणि चपटी गोळी कुठेही जाते. बिरदेवरावांनी स्टीलचं एक ताट घेतलं आणि त्यात एकेक गोळी घरंगळत सोडली. जी डुगडुगली ती बाजूला. उरलेल्यांतली एक त्यांनी नळीच्या तोंडाशी ठेवली. ती आपसूक आत घसरली नाही, अडकूनही बसली नाही. त्यांनी फुंकर मारली आणि गोळी पलीकडून अलगद बाहेर पडली. "ही ह्या नळीची," ते म्हणाले. ताटावर वाकलेले ते हात बघताना मला घरी परतायचं भान राहिलं नाही.

पण माळावर काहीच जमेना. आम्ही पहाटे बाभळीच्या आडोशाला बसत असू. कुत्रं लस खाई, बिरदेवराव गोळी सोडत, गोळी बरोबर मागच्या मांडीवरच्या पुठ्ठ्यावर लागे आणि केसांवरून घसरून खाली पडे. कुत्रं वळून पाही आणि चालू लागे. अशा किती पहाटा गेल्या! शेवटी एका पहाटे मीच म्हणाले, "राहू द्या, बिरदेवराव. दुसरं काहीतरी बघू."

त्या दिवशी गोळ्या गाडीत तापू नयेत म्हणून मी त्यांची पिशवी लसीच्या बर्फपेटीत टाकून ठेवली होती. तरीही त्यांनी त्यातली एक गोळी डब्यात टाकली, घोडा ओढला, आणि नळीतून नुसता निळा फवारा उडाला. मी कपाळाला हात लावला. ते मात्र नळीकडे बघत राहिले, मग पिशवीकडे.

"ताई, थंडीनं टरफल कडक झालंय. काचंवानी." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "नळीत टिकवायची सोय झाली, तर ही केसांवरबी फुटंल."

"डब्यातून पडतानाच तिला तडा जात असेल," मी म्हणाले. "हातानं एकेक बसवली तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. तसंच करायचं ठरलं. त्यांनी किंचित मोठ्या तोंडाची नळी आणली, दट्ट्याचा धक्का आणखी मऊ केला. मी पेटीतून गोळी काढून कोरड्या फडक्यानं पुसून द्यायची, त्यांनी ती बोटानं जागेवर सरकवायची.

पुढच्या पहाटे एक तांबूस कुत्री आली, लस खाऊन वळली. टप् असा आवाज झाला आणि तिच्या पुठ्ठ्यावर निळं फूल उमललं. ती दचकली, दोन पावलं गेली, जागा हुंगली आणि सावकाश निघून गेली. बिरदेवरावांनी मार्कर मांडीवर ठेवला. त्या सकाळी एकही गोळी नळीत फुटली नाही.

ऊन कोवळं होतं तेव्हाच गवत हललं. मला कुत्रंच वाटलं. बिरदेवरावांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि ओठ न हलवता म्हणाले, "लांडगीण."

ती उतारावरून आली. लांब पाय, पाठीवर काळी झाक, आणि डोळे असे की ऊन त्यांच्यातूनच निघतंय असं वाटावं. कुत्री जिथून गेली होती तिथं ती थांबली. दगडावर सांडलेल्या निळ्या रंगाला नाक लावलं, मान वर केली आणि सरळ आमच्याकडे पाहिलं. वारा पडला होता. आपला श्वास तिला ऐकू जातोय असं मला वाटलं. मग मागच्या गवतातून तिची पिल्लं बाहेर आली, एकमेकांना धडकत, आणि तिच्या पायांशी उभी राहिली.

बिरदेवरावांनी हात जोडले होते. ते केव्हा जोडले, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

लांडगीण वळली. पिल्लं मागे गेली. गवत पुन्हा मिटलं.

"आमची मेंढरं न्यायची ही," जोडलेले हात सोडत ते म्हणाले. "आजा म्हणायचा, कळपातला एक वाटा देवाचा, तो लांडगा नेतो. मी जलमभर निस्ती पाठ बघितली, पळताना. तोंड आज बघितलं." डोळे पुसताना त्यांच्या बोटांचा निळा रंग गालाला लागला, आणि मी तो पुसायला सांगितलं नाही.

पावसाळ्याआधी माळावरच्या बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर निळा ठिपका दिसू लागला. त्यानंतर त्या वर्षी पिसाळलेलं एकही जनावर आमच्या पाहण्यात आलं नाही. बिरदेवराव अजून काटेवाडीलाच असतात; लसीची फेरी निघाली की रजा टाकून येतात.

हिवाळ्यात एका पहाटे ते सारजाबाईंना घेऊन आले. बाभळीखाली आम्ही तिघं बसलो. लांडगिणीची पिल्लं आता उंच झाली होती, उतारावर एकमेकांची शेपटी धरून पळत होती. सारजाबाई पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "अगं बया, केवढी गुणाची लेकरं!"