तेवीस तासांचा मुक्काम

एकतीस वर्षं दिग्रस डेपोची एसटी चालवून मी निवृत्त झालो. त्या दिवशी स्टँडवरच्या कँटीनमध्ये मी जाहीर केलं, की एवढ्या नोकरीत माझ्या पृथ्वीला दोनशे चकरा झाल्या. एका कंडक्टरनं मोबाइलवर गुणाकार मांडून चाळीसच भरतात म्हणून सांगितलं. मी म्हटलं, तू घाट नाही धरले. विषय तिथंच संपायला हवा होता. पण निरोपाचा हार घेऊन माझी बायको बाजूच्याच बाकावर बसली होती.

घरी येताना ती म्हणाली, "दोनशे तुमी एकट्यानंच मारले. मले एक तं दाखवा."

आमची पोरगी शिकागोला नोकरी करते. तिनं आईचं हे वाक्य फोनवर ऐकलं आणि आठवडाभरात अख्ख्या पृथ्वीच्या एका चकरेचं विमानाचं तिकीट शोधून काढलं. बायको अंगणवाडी सेविका, तिला रजा पंधराच दिवसांची. म्हणजे चक्कर झटपट उरकायची. पोरगी म्हणाली, "बाबा, टाइमटेबल तुम्हीच बसवा. तुमच्याएवढं कोणाला जमते?" आणि तिकिटाचे नियम पाठवून दिले.

कँटीनमध्ये जे कधी सांगितलं नाही ते इथं लिहितो. दुसरा कोणी गाडी चालवत असला की मला भीती वाटते. उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला लागतो. साळ्याच्या जीपमध्ये पांढरकवड्यापर्यंत बसलो, तेवढ्यात त्याच्या जीपच्या बुडाला भोक पडलं. बरं, जीपचा ड्रायव्हर निदान दिसतो. विमानाचा तर दाराआड कोंडलेला, आणि खाली रस्ताच नाही. पोरीला सोडायला नागपूरच्या विमानतळावर गेलो होतो तेव्हा एक विमान वर उठताना पाहिलं. पोरीचा निरोप घ्यायचा सोडून मी खांबाला मिठी मारून उभा राहिलो. बायकोला म्हटलं, सकाळचे पोहे बाधले.

अशा माणसानं ते नियम वाचले. दिशा एकच, पूर्वेला निघालात तर पूर्वेलाच जात राहायचं. दोन्ही महासागर एकेकदाच ओलांडायचे. दहा दिवसांच्या आत परत यायचं नाही. वाटेत मुक्काम किमान तीन हवेत, आणि चोवीस तासांहून जास्त राहिलात तरच तो मुक्काम. त्याच्या आत निघालात तर नुसती गाडी बदलली असं धरतात.

मला एवढंच कळलं, की या गाडीला रिव्हर्स गिअर नाही. टोकियोपर्यंत जाऊन जीव घाबरला तर माघारी येणं नाही. पुढं समुद्र, तोही असा की पोरीच्या म्हणण्याप्रमाणे पलीकडच्या घड्याळात आपण निघालो त्याच्या आधीच्या वेळेला पोचतो. एकतीस वर्षांत मी दिग्रसची गाडी पुष्कळदा उशिरा पोचवली, पण निघण्याआधी कधी पोचवली नाही. नियम मी वहीत उतरवून घेतले आणि वही मिटून टाकली.

मग मी एक युक्ती केली. मुक्कामी गाडीची वेळ बसवण्यात माझा हात डेपोत कोणी धरत नसे. टोकियोला तेवीस तास, शिकागोला पोरीकडे आठ दिवस, लंडनला तेवीस तास. पाहणाऱ्याला वाटावं, काय सुरेख बसवलंय. पण तीनपैकी खरा मुक्काम एकच. पोरीचा कॉम्प्युटर हे तिकीट नाकारणार, पुन्हा बसवेपर्यंत रजेचे दिवस हातात राहणार नाहीत, आणि मी मोठा उसासा टाकून म्हणणार, माझी तर फार इच्छा होती.

दुपारी ओट्यावर बायको तुरीची डाळ निवडत होती, शेजारी माझी याडी, म्हणजे आई. आम्ही बंजारा. याडीच्या आजानं लदेणीचे दिवस पाहिलेले, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे ते दिवस. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण तुम्हाला कळावं म्हणून वऱ्हाडीत सांगतो.

"वाचून दाखव," याडी म्हणाली.

मी वहीतलं टाइमटेबल ऐटीत वाचलं.

"तेवीस काहून? दिवसभर तं ऱ्हाय."

"विमानाची वेळ तशी हाय, याडी."

"तिथं चूल मांडसान का?"

"चूल कायले? खाऊन घेऊ कुठंबी."

"मंग हा मुक्काम नाई. माहा आजा सांगे, गोण्या उतरवल्या, चूल मांडली, तं मुक्काम. बैलायले पाणी पाजलं अन् हाकलले, तं नाई. आन असे हाकलत कवा नेत, मालूम हाय? पुढं वाघाचं रान असलं तं." तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुले वाघ कुठं दिसला?"

मी म्हटलं, "वाघ तं म्या झरी जामणीच्या रस्त्यावर डझनानं पाह्यले. एक तं हाफ तिकीट मागत होता."

बायकोचा डाळीतला हात थांबला.

"नागपूरचे पोहे," ती हळूच म्हणाली, "मीबी तेच खाल्ले होते."

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, खांबासकट. तेवीसचा डावही सांगितला. बोलताना माझा पाय ओट्याची फरशी दाबत होता, तो दोघींनी पाहिला.

बायकोनं सूप बाजूला ठेवलं. "तुमाले वाटते मी भेत नाई? तुमच्या सीटमागं बसून पुसदचा घाट कितीक खेपा उतरली. डोये मिटून बसे. तुमाले वाटे, झोप लागली."

"माह्या गाडीत? तू भेत होती?"

"तुमी मागं पाहून गप्पा हाणत होते ना."

ती पुढं म्हणाली, "माह्या पोरीचं घर मले पाहाचं हाय. तुमी नाई आले तं मी एकटी जाईन, पण मंग एकटी काहून गेली ते कँटीनमधी मी सांगीन."

मी पेन घेतलं. दोन्ही तेवीस खोडून सव्वीस केले आणि समोर 'मुक्काम' लिहिलं. अक्षर असं वाकडं आलं, जणू चालत्या गाडीत लिहिलंय. दोन दिवसांनी पोरीचा फोन आला. "बसलं, बाबा." मला वाटलं, कोणीतरी मला आत बसवून दार लावलं आणि डबल बेल दिली.

निघायला आता नऊ दिवस उरलेत. बायको रोज संध्याकाळी मला पुसदच्या गाडीत सराव करायला नेते. सगळ्यात मागची सीट, जिथून ड्रायव्हर दिसत नाही. घाट लागला की ती माझा हात धरते. तिचाही हात गार असतो.

काल घरी आल्यावर मी याडीला छाती फुगवून सांगितलं, की आज अख्ख्या घाटात एकदाही ब्रेक दाबला नाही.

बायकोनं माझी उजव्या पायाची चप्पल उचलून याडीपुढं ठेवली. चपलेचा अंगठा तुटला होता.