घरच्या बाईची मजुरी

अंगणात कमलमावशी मिरच्या भाजत होत्या. धुराचा ठसका लागला आणि मला आमच्या पाली गावातल्या देवळासमोरचा मांडव आठवला.

मी तेव्हा शाळेत होते. बचत गटाच्या बायकांना धंद्याचा हिशोब शिकवायला बीडहून एक मॅडम आल्या होत्या. मी नेहमीसारखी मागे, खांबाला टेकून बसले होते. मॅडमनी आईला उभं करून तिच्या काळ्या मसाल्याचा खर्च विचारला. मिरची, धने, खोबरं, तेल, कांडप, आईने सगळं घडाघडा सांगितलं.

“आणि तुमची मजुरी, ताई?”

आई गोंधळली. “माझी? घरच्या बाईला कुठं मजुरी असती, मॅडम?”

“लाव की गं,” शेजारची सखूबाई ओरडली, “अन् नवऱ्याकडून पगारी सुट्टी बी घे!”

सगळा मांडव हसला. आई सगळ्यांत मोठ्याने हसली, पण हसताना तिने हात पदराखाली घेतले. मिरचीने ते सतत जळायचे. संध्याकाळी ती ताकात हात बुडवून बसायची.

आई गेली. धंदा आता मी बघते, म्हणून कमलमावशींना रोजाने ठेवलं. आज त्यांचा रोज खर्चात धरला, तर मसाल्यात काहीच उरेना. भाव तोच, गिऱ्हाईकही तेच. ज्याला आम्ही नफा म्हणत होतो, ज्यातून माझ्या इंग्रजी शाळेची फी भरली, ती आईची मजुरी होती.

कमलमावशी दारात आल्या. “पोरी, ताक हाय का गं थोडं? हात लई जळायलेत.”