रेघेची जाडी

केडगावच्या पुढे पुणे रस्त्याला एक वजनकाटा आहे. कागद गिरणीकडे जाणारे रद्दीचे टेम्पो तिथे वजनाला थांबतात. सखाहरीभाऊ त्या काट्यावर एकवीस वर्षे होते. टेम्पो आला की ते खोलीतून बाहेर येत, चालकाला विचारून गठ्ठ्यांतून हात फिरवत आणि एखादे बिनपुठ्ठ्याचे जुने पुस्तक ओढून काढत. मग ते छोट्या तराजूत घालून तेवढ्याच वजनाची वर्तमानपत्रे टेम्पोत टाकत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते हेच करताना. माझ्या घराच्या बांधकामाची खडी वजनाला आली होती, म्हणून मी तिथे उभा होतो.

मी भूमापन खात्यात आहे. लोकांच्या भाषेत मोजणीवाला. मापातला घोळ मला सहन होत नाही, आणि गरज नसलेली मापेही होत नाहीत. मी म्हणालो, तुमचा मोठा काटा दहा किलोच्या आतला फरक दाखवतच नाही, मग दोनशे ग्रॅमची भरपाई कशासाठी? त्यांनी आधी टेम्पो सोडला, पावती फाडली आणि मग म्हणाले, "काट्याला न्हाई कळत, भाऊसाहेब. म्हणून तर मला बघावं लागतं."

त्या दिवसापासून आमची ओळख झाली आणि ती अकरा वर्षे टिकली.

त्यांच्या खोलीत पत्र्याच्या दोन कपाटांत तीनशे चौदा पुस्तके होती. मी मोजली आहेत. ती कुठल्याही ग्रंथालयात सापडली नसती. कुणा विहिरी खोदणाऱ्याने अंधार हा पदार्थ आहे असे मांडलेले, खोलीप्रमाणे त्याचे कोष्टक दिलेले. कुणा निवृत्त नर्सबाईंनी झोप हेच खरे आयुष्य आणि जागेपण ही त्यातली बाहेरची कामे, असे अठ्ठेचाळीस पानांत सांगितलेले. सगळी पदरमोड करून छापलेली, नातेवाइकांत वाटलेली आणि शेवटी रद्दीत आलेली. मी हसलो की सखाहरीभाऊ म्हणत, "आधी दोनदा वाचा, मग हसा." मी दोनदा वाचत असे. कधी कधी दुसऱ्यांदाही हसू येई, आणि त्याला त्यांची हरकत नसे.

आमची कामाची वाटणी ठरली होती. "तुमी आकडे बघा, बाकीचं मी बघतो." विहिरीवाल्याच्या कोष्टकात मला वजाबाकीच्या दोन चुका सापडल्या. त्यांनी त्या पेन्सिलीने समासात नोंदवल्या आणि म्हणाले की एवढ्या बारकाईने त्या माणसाचे आजवर कुणी वाचले नसेल. एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक कपाट पाहायला आले. चार पुस्तके चाळून त्यांनी विचारले, यांत संदर्भसूची कुठे आहे? सखाहरीभाऊंनी त्यांना चहा पाजला. ते गेल्यावर म्हणाले, "त्यांच्याकडं यादी हाय. यादीत न्हाई ते त्यांना दिसत न्हाई. त्यांचा दोष न्हाई, यादीच तशी हाय."

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ते दोन शब्द लिहीत: 'वाचले' आणि 'कळवले'. पहिल्यापुढे दोन तारखा असत. दुसऱ्यापुढे तारीख पडायची ती लेखकाच्या घरी जाऊन आल्यावर. लेखक असेल तर त्याला, नसेल तर घरच्यांना ते एवढेच सांगत की मी हे पुस्तक दोनदा वाचले. सोबत एक शंका विचारत. कौतुक करत नसत. शंका विचारली म्हणजे वाचल्याची खात्री पटते, असे त्यांचे म्हणणे. मी मोजणीसाठी गावोगाव फिरतो, म्हणून लेखकांचे पत्ते शोधायचे काम माझ्याकडे आले. एक अट मी घातली: सरकारी कामाच्या वेळात मी ही चौकशी करणार नाही. त्यांनी ती लगेच मान्य केली.

चार वर्षांपूर्वी त्यांना रद्दीत 'बांध-विचार' नावाचे पुस्तक मिळाले. लेखक मुरलीधर बाबा, तिसगावजवळच्या एका वाडीचे शेतकरी. पहिलेच वाक्य असे: "बांध कुठे संपतो?" पुढे ते म्हणतात, दोन्ही शेतकरी सांगतात की बांध मधल्या रेघेपर्यंत माझा. पण रेघेला रुंदी नसते, आणि रुंदी नसलेल्या जागेत गवत उगवत नाही. बांधावर तर गवत आहे. म्हणजे तिथे कुणाचीच नसलेली पट्टी आहे. माणसामाणसांतही अशी एक पट्टी असते आणि बोलणे तिथेच उगवते. शेवटच्या प्रकरणात एक ओळ होती: "मोजणीवाल्याच्या रेघेला जाडी किती, हे मी पुष्कळांना विचारले. कोणी सांगितले नाही."

याचे उत्तर मला ठाऊक होते. आमचा नकाशा हजारास एक या प्रमाणात असतो. टोकदार पेन्सिलीची रेघ त्यावर साधारण शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर भरते. हजाराने गुणले की जमिनीवर वीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत. नोकरीच्या चोवीस वर्षांत हा गुणाकार मी कधी केला नव्हता. सखाहरीभाऊंनी माझा कागद हातात धरला आणि खूप वेळ खाली ठेवला नाही. "हे तुमीच त्यांना सांगायचं," म्हणाले.

पुढच्याच महिन्यात त्या वाडीत वादाची मोजणी निघाली. दोघा भावांचे भांडण होते आणि लगतचे खातेदार म्हणून एक म्हातारे गृहस्थ सहीला आले. डोक्याला मुंडासे, हातात काठी. त्यांनी सही केल्यावर मी नाव वाचले: मुरलीधर. त्यांनी लेखणी परत दिली आणि विचारले, "सायेब, बांध कुठं संपतो?"

दोन्ही भाऊ आपापल्या माणसांसह आमच्याकडे पाहत होते. लगतच्या खातेदाराशी मी खाजगी बोललो असतो तर एका पक्षाने नक्की अर्थ काढला असता. मी म्हणालो, "नकाशात दाखवलं आहे, बाबा." ते मान हलवून बांधावरून निघून गेले.

तो मंगळवार होता. संध्याकाळी सखाहरीभाऊंना सांगितले तर ते दुसऱ्या दिवशीच निघायला तयार झाले. मी त्यांना थांबवले. नकाशाची प्रत दोन्ही पक्षांना मिळेपर्यंत माझ्या ओळखीच्या कुणीही त्या शिवारात जाऊ नये, असे माझे म्हणणे पडले. त्यांनी पुस्तक परत कपाटात ठेवले. मग म्हणाले, "बरं. नियम तुमचा हाय."

प्रत तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी निघाली. रविवारी आम्ही माझ्या मोटारसायकलवर गेलो. ओट्यावर मुंडण केलेली दोन मुले बसली होती. मुरलीधर बाबांना जाऊन बारावा दिवस होता. मी मनातल्या मनात हिशेब केला: सहीनंतर आठव्या दिवशी ते गेले. म्हणजे सहीनंतरचा पहिला रविवार हाताशी होता.

सून बाहेर आली. सखाहरीभाऊंनी पुस्तक पुढे केले आणि नेहमीचे वाक्य म्हटले. ती म्हणाली, "याच्या लई प्रती हायेत घरात. धान्याच्या पोत्यांखाली घातल्यात, ओल लागू नये म्हणून. काय लिवलंय त्यात?"

सखाहरीभाऊंनी ओट्यावर बसून पहिले प्रकरण वाचून दाखवले. सून उभ्यानेच ऐकत होती. संपल्यावर ते माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, रेघ किती जाड असती ते सांगा." मी सांगितले. तिने खाली वाकून जमिनीवर वीत टेकवली आणि तशीच ठेवली. "मंग त्यांचं बरोबर हुतं," ती म्हणाली. "त्या दिवशी बांधावरून आले, तर जेवलेच न्हाईत. म्हणले, मोजणीवाल्यालाबी म्हाईत न्हाई."

परतताना आम्ही करंजी घाट उतरलो. मग मागून त्यांचा आवाज आला. "तुमचं चुकलं असं मी म्हणनार न्हाई. पन बरोबर झालं असंबी म्हणता येत न्हाई." यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि माझ्याशी वागण्यात त्यांनी काडीचाही फरक केला नाही. मला तो फरक चालला असता.

मागच्या पौषात सखाहरीभाऊ काट्यावरच बसल्या जागी गेले. समोर तराजूत एका पारड्यात पुस्तक होते आणि दुसऱ्यात वर्तमानपत्रे. त्यांच्या मुलीने दोन्ही कपाटे माझ्याकडे पोचवली. मी सगळ्यांत आधी 'बांध-विचार' काढले. शेवटच्या पानावर 'वाचले'पुढे दोन तारखा होत्या. 'कळवले' हा शब्द लिहिलेला होता आणि पुढची जागा कोरी होती. सुनेला सांगितले होते तरी त्यांनी तारीख टाकलेली नव्हती.

ती मीही टाकलेली नाही. आता दर मोजणीला सह्या घेण्याआधी मी दोन्ही पक्षांना आणि लगतच्या खातेदारांना बांधावर एकत्र उभे करतो आणि सांगतो की ही रेघ जमिनीवर एक वीत जाड आहे, आणि त्या वितीतले मला काही सांगता येणार नाही. बहुतेक जण चुळबुळ करतात. एखादा मात्र खाली बघत राहतो. असे सांगा, असे नियमात कुठेही नाही. सांगू नका, असेही नाही. मी सगळे नियम दोनदा वाचले आहेत.