ॲन आर्बरला केलेला मलिदा

विमान दुपारचं होतं. मुलगा शिमोन मला विमानतळावर सोडायला आला. इस्रायलमधल्या आमच्या दिमोनाहून निघालं की बराच वेळ वाळवंटातून रस्ता जातो. वाटेत अझाका (धोक्याचा भोंगा) झाली तर गाडी थांबवायची, रस्त्याच्या कडेला पालथं पडायचं आणि डोक्यावर हात घ्यायचे, असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून मी चांगले कपडे बॅगेत ठेवले आणि जुनेच घालून निघाले. भोंगा काही झाला नाही. जुन्या कपड्यांतच अमेरिकेला पोहोचले.

मी का गेले, ते आधी सांगते. आम्ही बेने इस्रायल, मूळचे कोकणातले ज्यू. रेवदंड्याच्या मराठी शाळेत माझी चौथी झाली आणि वडील आम्हाला घेऊन इस्रायलला आले. पुढे शाळा झाली नाही, पण चालीरीती आम्ही बरोबर आणल्या. संकट आलं की आम्ही एलियाहू हन्नाबीला (आमच्या प्रेषिताला) मलिदा बोलतो. काम झालं की पोहे, खोबरं, साखर कालवायची, भोवती पाच प्रकारची फळं मांडायची, बराखा (आशीर्वादाचे शब्द) म्हणायच्या आणि सगळ्यांनी खायचं.

शिमोनचा मुलगा एतान लढाईवर गेला, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून नवस बोलले. पोरगं धडधाकट घरी येऊ दे, माझी दोन्ही नातवंडं एका ताटातला मलिदा खातील. दोन्ही म्हणजे एतान आणि ताल्या. ताल्या माझ्या मुलीची, दिनाची लेक. ती अमेरिकेत जन्मली, पण लहानपणी दर उन्हाळ्यात दिमोनाला यायची. दोघं एका सायकलवरून अख्खं गाव पालथं घालायची.

एतान घरी आला. हातपाय शाबूत होते. पण लवकरच परत बोलावणार, असंही त्याला सांगितलेलं होतं. तो बोलणं विसरल्यासारखा झाला होता. आणि ताल्या लढाई सुरू झाल्यापासून त्याच्याशी बोलत नव्हती. एतानला देश सोडता येत नव्हता, म्हणून मी आमच्या हझानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) विचारलं. तो म्हणाला, "ताट एक असलं म्हणजे झालं. तिला तिकडे भरव, उरलेला याला आणून दे." त्याला पुन्हा बोलावणं यायच्या आत नवस फेडायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दिना अमेरिकेत एडिसनला राहते. जावई संदीप नागपूरचा, कॉम्प्युटरमधला. दोघांची ओळख मराठीमुळेच झाली. घर मोठं आहे, पण त्यात ममद (जाड भिंतींची सुरक्षित खोली) नाही, हे मी आल्या आल्या पाहून घेतलं. दिनाला हसू आलं. "आई, इथे कोण रॉकेट टाकणार आहे?"

दुसऱ्याच दिवशी मी भाजी चिरत होते आणि भोंगा झाला. आमच्यासारखाच, वर चढत जाणारा. मी सुरी टाकली आणि जिन्याखालच्या कोटांच्या कपाटात जाऊन बसले. तिथे खिडकी नव्हती, एवढा विचार मी केला होता. दिनाने दार उघडलं तेव्हा मी शेमा (आमची रोजची प्रार्थना) म्हणत होते. तो भोंगा आगीच्या बंबवाल्यांना बोलवायचा होता. दिना हसली नाही. माझ्या शेजारी कोटांच्या खाली बसली आणि म्हणाली, "किती वेळ बसायचं असतं गं?"

मलिद्याच्या सामानासाठी संदीप मला ओक ट्री रोडला घेऊन गेला. तिथे सगळी आपली दुकानं. साडी, सोनं, जिलेबी, पोह्यांच्या थप्प्या. सुकं खोबरं निवडताना शेजारच्या बाईने विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"इस्रायलची."

"अय्या! आणि मराठी एवढं शुद्ध? आमची पोरं बघा, पाणी पाहिजे म्हणायलासुद्धा लाजतात."

मी तिला चांगलं खोबरं निवडून दिलं.

त्या रविवारी संदीपच्या मित्राकडे जेवण होतं. बरीच मराठी मंडळी होती. भरलं वांगं उत्तम झालं होतं. यजमान माझ्याजवळ येऊन बसले.

"मावशी, तुम्हाला मानलं यार! घुसून मारता एकेकाला. असं पाहिजे. भीती नसेलच वाटत तुम्हाला?"

"वाटते," मी म्हटलं.

सगळे हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. त्यांची बायको वाढता वाढता म्हणाली, "घरात झुरळ निघालं तर मला हाक मारतात हे. आणि निघाले घुसून मारायला!"

मग ते मला सरकारबद्दल विचारू लागले. पंतप्रधान बरोबर की चूक? काय सांगणार? आमच्या घरात शिमोन सरकारच्या बाजूचा. वरच्या मजल्यावरची बाई दर शनिवारी फलक घेऊन सरकारच्या विरोधात रस्त्यावर जाते. आमचं दोघींचं मीठ-साखर देणंघेणं चालू असतं. मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायचे, तिथे सलवा नावाची बेदुइन (वाळवंटातल्या अरबांपैकी) बाई माझ्याबरोबर होती. रॉकेटं तिच्या गावावरही पडतात, पण तिच्या गावात लपायला निवारा नाही. आणि तिची मावसबहीण तिकडे पलीकडे आहे, आमची विमानं जातात तिथे. बातम्या लागल्या की सलवा कांदे घेऊन मागच्या अंगणात जायची. मग मीही माझे कांदे घेऊन जायचे. यातून बरोबर-चूक कसं काढायचं ते मला येत नाही. मी त्यांना म्हटलं, "वांगं छान झालंय."

मलिदा शनिवारनंतर एडिसनलाच करायचा, असं ठरलं होतं. दिनाने आसपासची चार बेने इस्रायल घरं बोलावली होती. ताल्या ॲन आर्बरला शिकते, ती सुट्टीत येणार होती. तिचा फोन आला आणि दिना फोन घेऊन बाहेर गेली. परत आली ती डोळे पुसत. "तिने तिकीट कॅन्सल केलं."

मी फोन मागितला.

"आजी, आय लव्ह यू," ताल्या म्हणाली. तिचं मराठी तुटक आहे, पण माझ्यासाठी बोलते. "पण मी नाही बसणार. तू एतानसाठी थँक यू म्हणणार. आर्मीतून आला म्हणून थँक यू. मी नाही म्हणू शकत."

"तो तुझा भाऊ आहे."

"म्हणूनच."

मला ते 'म्हणूनच' कळलं नाही. अजून नीट कळलेलं नाही.

संदीप उठला. "आई, आपण जाऊ तिच्याकडे. मी ड्राइव्ह करतो." दिनाने चार घरांना फोन करून बेत रद्द झाल्याचं कळवलं. आम्ही तिघं गाडीने निघालो. पेनसिल्व्हेनियाचे डोंगर संपता संपत नाहीत. झाडांना पान नाही, सगळीकडे बर्फ, आणि मधूनच एखादं लाल रंगाचं लाकडी गोदाम. मी जन्मात एवढं पाणी असं गोठून पडलेलं पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ते पाइपातून थेंबाथेंबाने झाडाला देतात. वाटेत एका साध्या हॉटेलात मुक्काम केला. मलिद्याची फळं मी गाडीतच ठेवली, गार जागी टिकतील म्हणून. सकाळी पाहते तो केळी काळी पडलेली, द्राक्षं गोट्यांसारखी कडक. गारठ्याने फळ जळतं, हे वाळवंटात राहणारीला कुठून माहीत?

ॲन आर्बरला शुक्रवारी सकाळी पोहोचलो. गाव म्हणजे सगळं विद्यापीठच. एवढ्या थंडीत पोरं सायकली चालवत होती. एका चौकात मुलांचे दोन घोळके समोरासमोर उभे होते. एका बाजूला आमचे झेंडे, दुसऱ्या बाजूला त्यांचे. मधून रस्ता ओलांडताना एका बाजूच्या मुलीने माझ्या हातात कागद दिला. नको म्हणायला मला लाज वाटली. पलीकडे पोहोचले तर दुसऱ्या बाजूच्या मुलाने दिला, तोही घेतला. मला इंग्रजी वाचता येत नाही. दोघंही "थँक यू मॅम" म्हणाले. दोघांचीही नाकं थंडीने लाल झाली होती.

ताल्याने दार उघडलं आणि मला घट्ट धरलं. खूप वाळली होती. मग आईबापांकडे बघून म्हणाली, "मी सांगितलं होतं, मी नाही बसणार."

"नको बसू," मी म्हटलं. "पण माझी फळं खराब झाली. ती आणायला चल."

ती आली. आम्ही दोघीच बसने गेलो. बसमध्ये ती माझे हात तिच्या हातमोज्यांत घालून बसली होती. दुकानात तिने डाळिंब उचललं, खाली ठेवलं.

"आजी, तिथे मुलं मरतात. रोज."

"माहीत आहे."

"मग तू काही म्हणत का नाहीस?"

"कुणाला म्हणू?" मी विचारलं. खरंच विचारलं. "भोंगा झाला की मी ममदमध्ये जाते आणि एतानचं नाव घेते. आधी फक्त त्याचंच येतं तोंडात."

ती बराच वेळ सफरचंदं चाचपत राहिली. मग म्हणाली, "मी बसेन. पण तू त्यांचं पण म्हणायचं. त्या मुलांचं. एतानबरोबर, सेम ताटावर."

शत्रूच्या मुलांसाठी मलिदा कोणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. असं केलं तर नवस फिटतो की उलट बाधतो? तो एतानच्या अंगावर तर नाही येणार? हझानला विचारावं म्हटलं, तर इथे दुपार होती आणि तिकडे शब्बाथ (आमचा विसाव्याचा दिवस) लागला होता. आता उद्यापर्यंत तो फोनला हात लावणार नाही. थांबावं, तर संध्याकाळी इथेही शब्बाथ लागणार, आणि तो संपताच आमचं परतायचं ठरलेलं. मी फळांच्या ढिगापुढे उभी राहिले. लोक आम्हाला वळसा घालून जात होते.

"मग आमच्या ओलीस नेलेल्यांचंही म्हणायचं," मी म्हटलं.

"ऑफ कोर्स, आजी. तुला काय वाटलं मी काय आहे?"

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. आम्ही डाळिंब, सफरचंद, केळी, संत्री आणि खजूर घेतला.

तिच्या इवल्याशा स्वयंपाकघरात पोहे भिजवले. सुकं खोबरं, साखर, वेलदोडा कालवला. न्यायचा होता म्हणून ओला नारळ घातला नाही. खरं तर अशा वेळी दहा पुरुष लागतात. इथे पुरुष म्हणजे एक संदीप, तो आमच्यातला नाही. तो डोक्याला रुमाल बांधून कोपऱ्यात उभा राहिला आणि आमेन मात्र सगळ्यांच्या आधी म्हणाला. बराखा मीच म्हटल्या. मी एतानचं नाव घेतलं. ओलीस नेलेल्यांचं म्हटलं. मग ताल्याकडे पाहिलं.

"आता त्यांचं," ती म्हणाली.

नावं कुणालाच माहीत नव्हती. मला सलवाच्या मावसबहिणीची मुलं आठवली, पण त्यांची नावं मी कधी विचारली नव्हती. "तिथली मुलं," एवढंच मी मराठीत म्हटलं. ताल्याने पहिला घास खाल्ला. चावता चावता ती रडायला लागली आणि दिनाही. मी उरलेला मलिदा डब्यात भरला.

परतीच्या विमानात डबा मांडीवरच होता. हझानला मी अजून विचारलेलं नाही. काय म्हणेल याची भीती वाटते.

घरी आल्यावर एतान संध्याकाळी आला. त्याला परत बोलावणं आलेलं होतं, पिशवी भरून दाराशी ठेवली होती. मी डबा पुढे केला. त्याने चमचा भरला आणि विचारलं, "सावता (आजी), ताल्याने खाल्ला?"

"खाल्ला."

"माझ्यासाठी?"

हो म्हणून गप्प बसता आलं असतं. पण मलिद्यावर खोटं बोलवेना. मी त्याला सगळं सांगितलं, ती कशी बसली आणि कुणाकुणासाठी मागितलं ते. त्याने चमचा खाली ठेवला. मला वाटलं आता उठून जाईल.

"त्या मुलांची नावं घेतलीत?" त्याने विचारलं.

"नाही रे. आम्हाला कुठली माहीत?"

तो म्हणाला, "एकाचं मला माहीत आहे." आणि त्याने ते सांगितलं.

ते नाव मी मोठ्याने घेतलं, त्याने उच्चारलं तसंच. मग एतानने मलिदा खाल्ला. डबा संपेपर्यंत खाल्ला, आणि पिशवी उचलून गेला.

शेजारणी विचारतात, अमेरिका कशी होती? मी सांगते, थंड होती. दर शुक्रवारी मेणबत्त्या लावताना मी आता एतानचं नाव घेते, ताल्याचं घेते आणि ते तिसरंही घेते. पहिल्या दोघांसाठी काय मागायचं ते मला ठाऊक आहे. तिसऱ्यासाठी काय मागू ते कळत नाही. तो पोरगा जिवंत आहे की नाही, हे मी एतानला विचारलेलं नाही.