दोन महिन्यांची दुरुस्ती

“हा आता बदलाच, गुरुजी,” मी म्हटलं आणि लॅपटॉप मिटला. गुरुजींनी तो पुन्हा उघडून पाहिला. स्क्रीन काळाच होता. आतला पंखा मात्र फिरत होता.

२००७च्या सुमाराची गोष्ट. नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात मी लॅपटॉप दुरुस्त करायचे. टेबलामागे स्क्रूड्रायव्हर घेऊन बाई बसलेली पाहून निम्मी गिऱ्हाइकं आधी विचारायची, “इंजिनिअर कुठेयत?” त्यामुळे माझ्या बोलण्यात एक ठसका आला होता. एकदा निदान सांगितलं की मी ते मागे घेत नसे. या प्रकरणात तो ठसकाच नडला, म्हणून आधीच सांगून टाकते.

गुरुजी पंचवटीतले तीर्थपुरोहित. रामकुंडावर लोक अस्थी घेऊन येतात, श्राद्धाला येतात. तिथल्या पुरोहितांकडे यजमानांच्या वह्या असतात. तुम्ही गाव आणि आडनाव सांगायचं. ते वही काढून तुमचे आजोबा-पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, मागे मुलं किती होती, ते वाचून दाखवतात. मग तुमचं नाव त्याखाली लिहितात. कितीतरी घरांत पणजोबांचं नाव त्या वहीखेरीज कुठेच उरलेलं नसतं.

गुरुजींच्या घरातल्या वह्यांना वाळवी लागली होती. पान उलटलं की चुरा हातात यायचा. म्हणून त्यांनी ओळखीच्या एका प्रोग्रॅमरकडून सॉफ्टवेअर करून घेतलं, लॅपटॉप घेतला, आणि चार वर्षं रोज दुपारी बसून सगळ्या वह्या स्वतः टाइप केल्या. एका बोटाने.

“मूळ वह्या आहेत ना अजून?” मी विचारलं.

“गोदावरीत विसर्जित केल्या. फाटकी पोथी आपण नदीतच सोडतो ना? पितरांची नावं ती, रद्दीत कशी घालायची?”

मी मान डोलावली. म्हणजे त्या सगळ्या घरांची नावं आता फक्त माझ्या टेबलावरच्या त्या मशीनमध्ये होती. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नंतर मला कुणी फसवलं, काही लपवलं, असं म्हणायची सोय नाही.

बिघाड नेहमीचा होता. लॅपटॉपच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, चित्र दाखवणारी एक चिप असते. तिच्याखाली कथलाचे बारीक टाके असतात. मशीन तापून तापून ते तडकतात आणि स्क्रीन जातो. यावर एक उपाय आहे. चिपवर गरम हवा सोडायची, टाके वितळून पुन्हा चिकटतात, स्क्रीन उजळतो. धंद्यात याला ‘हीट मारणं’ म्हणतात. असं मशीन दोन महिने चालतं, फार तर तीन. शहरातले बरेच जण हीट मारून ‘दुरुस्त केलं’ म्हणून सांगायचे. मला ती शुद्ध फसवणूक वाटायची. मी ते करत नसे, आणि करत नाही हे चारचौघांत सांगतही असे.

गुरुजींना मी हे सगळं समजावलं. ते म्हणाले, “दोन महिने तर दोन महिने. पितृपक्ष तोंडावर आलाय. तेवढा निभावला की मग बघू.”

“दोन महिन्यांनी पुन्हा इथेच उभे राहाल. मेलेल्या मशीनवर कशाला खर्च करता?”

आमचे मालक नितीनभाऊ काउंटरवरून म्हणाले, “गुरुजी, एक्स्चेंज चालू आहे आपल्याकडे. जुना आम्हाला द्या, नवा घेऊन जा. मॅडम सांगतायत ते बरोबर आहे.”

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, “ताई, मशीनचं मला काही नाही. नावं नीट जातील ना?”

“हार्डडिस्क ठणठणीत आहे. नावं तिच्यात असतात. सगळी नव्यात टाकून देते, वर एक सीडीही करून देते.”

ते तयार झाले. निघता निघता त्यांनी लॅपटॉप उलटा फिरवला. पाठीमागे प्रिंटरच्या सॉकेटात अंगठ्याएवढा काळा ठोकळा घट्ट बसलेला होता. “आणि हे? हे लागेल का?”

मी नीट पाहिलंसुद्धा नाही. “जुन्या प्रिंटरचं काहीतरी असेल ते. नव्या मशीनला हे सॉकेटच नसतं. राहू द्या.”

तेव्हा डेटा कॉपी झाला की नाही हे बघायची आमची एक पद्धत होती. जुन्या फोल्डरवर जाऊन फाइली किती आणि साइज किती ते बघायचं, नव्यावर तेच बघायचं. आकडे जुळले की जॉबकार्डावर ‘डेटा ओके’ लिहून सही करायची. फाइल उघडून बघायला वेळ कुणाला होता? गुरुजींचे आकडे जुळले. त्यांच्या सीडीवरून सॉफ्टवेअरही चढवलं. गणपतीचं चित्र असलेलं पहिलं पान उघडलं. मी सही केली. शनिवारी जुन्या मशीनचा लॉट नेहमीसारखा मुंबईच्या भंगारवाल्याकडे गेला.

पितृपक्षाच्या पहिल्याच दिवशी सकाळी गुरुजींचा फोन आला. “ताई, नावं दिसत नाहीत. जरा येता का?”

मी स्कूटर काढून पंचवटीत गेले. ओसरीवर चांदवडकडचं एक कुटुंब पाटांवर बसलं होतं. पिंडांची तयारी मांडलेली होती. गुरुजींच्या पुढ्यात नवा लॅपटॉप होता. गणपतीचं पान पुढे सरकतच नव्हतं. खाली इंग्रजीत एक ओळ होती. लॉक सापडत नाही, असा तिचा अर्थ.

ती वाचली आणि मला कळलं. तो काळा ठोकळा प्रिंटरचा नव्हता. ते सॉफ्टवेअरचं कुलूप होतं. सॉफ्टवेअरची कुणी नक्कल करू नये म्हणून तेव्हा असे ठोकळे देत असत. तो सॉकेटात असेल तरच प्रोग्रॅम चालायचा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे असे ठोकळे मी डझनावारी हाताळलेले होते. इंजिनिअर म्हणवून घेणाऱ्या मला तो ओळखता आला नाही, कारण मी पाहिलाच नव्हता.

मी तिथूनच नितीनभाऊंना फोन लावला. त्यांनी भंगारवाल्याला लावला. अर्ध्या तासाने उत्तर आलं. मशीन खोललं होतं, स्क्रीन एकीकडे, बॉडी दुसरीकडे, ठोकळ्याचं कुणाला काही आठवत नव्हतं.

“अशा वस्तू ते पोत्यात भरतात गं,” नितीनभाऊ म्हणाले. “कुठे शोधणार?”

त्याच दुपारी त्या प्रोग्रॅमरला गाठलं. तो नाशिकरोडला राहायचा, आता पाण्याचे फिल्टर विकत होता. बिचारा भला होता. म्हणाला, “मॅडम, फाइली नुसत्या कॉपी करून कुणी वाचू नयेत म्हणून मीच त्या गुंतवून ठेवल्या होत्या. सोडवायचा आकडा प्रत्येक ठोकळ्यात वेगळा असायचा. तो माझ्याकडे नाही. त्या वेळचं काहीच राहिलं नाही.”

पुढचे आठ महिने मी त्या फाइलींच्या मागे लागले. पुण्याला पाठवल्या, मुंबईला पाठवल्या. सगळीकडून तेच उत्तर. फाइली अगदी व्यवस्थित होत्या, एक अक्षरही खराब झालं नव्हतं, आणि त्यातलं एकही नाव वाचता येत नव्हतं. सीडीवरही तेच होतं.

त्या महिन्यांत एक गोष्ट मला रोज आठवायची. मी हीट मारली असती तर ते मशीन दोन महिने चाललं असतं. दोन महिन्यांत सगळी नावं कागदावर छापून घेता आली असती. ज्या दुरुस्तीला मी नाकं मुरडली, तेवढीच त्या माणसाला हवी होती. त्यांनी ती तोंडाने मागितलीही होती. बदलायचं की दुरुस्त करायचं याचा हिशेब मी मशीनचं वय पाहून केला. त्यात काय अडकलंय ते कानावर पडूनही मनावर घेतलं नाही.

गुरुजी भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. फाइलींची शेवटची आशा संपली त्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर बसून रडले. त्यांनी आतून पाणी आणून दिलं. म्हणाले, “मी विचारलं होतं, ताई.” बस, तेवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्यांनी नवी वही घातली. लाल कापडी बांधणीची, कागदाची. पुढच्या पितृपक्षात मी लिहायला मदत करते म्हणून गेले. लासलगावकडचे एक म्हातारे बाबा दोन मुलांना घेऊन आले होते. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं. बाबांनी वडिलांचं नाव सांगितलं. आजोबांचंही सांगितलं, थोडं आठवून.

“आणि आजोबांचे वडील?” गुरुजींनी विचारलं.

बाबा हसले. मुलांकडे वळून म्हणाले, “आता बघा गंमत.” मग पुन्हा गुरुजींकडे वळले. “ते आमाला कुठं म्हाईत हाय, गुरुजी? मागच्या टायमाला तुमच्या वडलांनी वाचून दाखवलं व्हतं. लय मागचं सांगितलं व्हतं त्यांनी. म्हनून तर पोरांना घेऊन आलो. वाचा की.”

मुलं पुढे सरकून बसली. लेखणी माझ्याच हातात होती. गुरुजींनी वहीच्या कोऱ्या पानावर बोट ठेवलं. मग मला म्हणाले, “ती ओळ सोडा, ताई. खालून लिहा.”

मी ओळ सोडली.

आता माझं स्वतःचं दुकान आहे. जुनं मशीन बदलायचं असेल तर गिऱ्हाइकाला समोर बसवून त्याच्याच हाताने एक फाइल उघडायला लावते, आणि तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत जुनं मशीन दुकानाबाहेर जाऊ देत नाही. कुणी दोन महिन्यांची दुरुस्ती मागितली तर कशासाठी ते विचारते आणि करून देते. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.